काळ सोकावता कामा नये

मनुष्याला नाव आईबाप देतात, यंत्राला क्रमांक कारखाना देतो. मनुष्याचे नाव प्रसंगी बदलता येते. कारखान्यात चिपमध्ये भरलेला क्रमांक मात्र ते यंत्र भंगारात जाईपर्यंत त्याची पाठ सोडत नाही. आपल्या खिशातील भ्रमणध्वनीत असे एक नव्हे, अनेक क्रमांक असतात. प्रोसेसरचा एक, साठवणीच्या चिपचा दुसरा, वाय-फायच्या भागाचा तिसरा. हे क्रमांक कोणी वाचावेत आणि कोणी वाचू नयेत, याचा निर्णय पुष्कळदा संसदेत होत नाही की न्यायालयात होत नाही. तो होतो दहावीस ओळींच्या संगणकीय मजकुरात, आणि त्या ओळी तपासणाऱ्या एकदोन माणसांच्या विवेकात. या तपासणीकडे सामान्य नागरिकाचे लक्ष जाण्याचे कारण नाही, हे आम्ही जाणतो. परंतु तिचा परिणाम त्याच्याच खिशापर्यंत पोहोचत असल्यामुळे त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ज्या मजकुराविषयी आम्ही बोलत आहोत तो लिनक्स या प्रणालीचा कर्नेल, म्हणजे गाभा होय. हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने १९९१ साली त्याचा आरंभ केला. एका बाजूला यंत्रसामग्री, दुसऱ्या बाजूला आपण वापरतो ते कार्यक्रम, आणि दोहोंच्या मध्ये कारभार पाहणारा हा गाभा, अशी ही रचना आहे. अँड्रॉइडवर चालणारा प्रत्येक फोन याच गाभ्यावर उभा आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील एकूण एक यंत्र त्यावरच चालत आले आहे. त्याचा मजकूर सर्वांस खुला आहे. कोणीही त्यात दुरुस्ती सुचवू शकतो. तिला पॅच, म्हणजे ठिगळ, असे म्हणतात. त्या त्या विभागाची राखण करणारा जाणकार हे ठिगळ तपासतो, प्रश्न विचारतो, परत पाठवितो, आणि समाधान झाले तरच पुढे जाऊ देतो. कोट्यवधी यंत्रांवर परिणाम करणारा इतका उघडा व्यवहार दुसरीकडे क्वचितच आढळेल.

अशा तपासणीपुढे वारंवार येणारा एक प्रकार असा. एखाद्या नव्या चिपचा चालक लिहिणारा अभियंता त्याबरोबरच एक लहानशी फाइल उघडून देतो. ती वाचली की चिपचे नाव, तिची आवृत्ती, तिचा कारखान्यातील अनुक्रमांक असा तपशील बाहेर येतो. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: दोषशोधनासाठी, म्हणजे डीबगिंगसाठी, हे हवे आहे.

हे कारण खोटे नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. यंत्राचा दोष शोधणाऱ्यास आपण कोणत्या यंत्रापुढे बसलो आहोत हे कळलेच पाहिजे. १९९४ साली इंटेल कंपनीच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकाराचा दोष निघाला. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या एका महाविद्यालयात गणित शिकविणारे प्राध्यापक थॉमस नाइसली यांनी तो उघडकीस आणला आणि कंपनीला त्यापायी ४७.५ कोटी डॉलरांचा भुर्दंड सोसावा लागला. अशा वेळी सदोष चिप कोणती आणि निर्दोष कोणती, हे ओळखण्याची सोय नसती तर सर्वांनीच अंधारात चाचपडावयाचे होते. लिनक्समध्ये प्रोसेसरची माहिती देणारी जी फाइल आहे, तिच्यात प्रोसेसरचे कूळ, नमुना आणि सुधारणेची पायरी हे सारे उघड दिलेले असते, ते याचसाठी. तिच्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही, आणि करण्याचे कारणही नाही.

परंतु येथेच तारतम्याचा प्रश्न उपस्थित होतो. यंत्राची ओळख दोन प्रकारची असते. एक ओळख त्याच्या प्रकाराची: ही चिप अमुक नमुन्याची, तमुक आवृत्तीची. अशा चिपा लक्षावधी असतात. दुसरी ओळख त्या एकट्या यंत्राची: या नमुन्याच्या लक्षावधी चिपांपैकी ही नेमकी अमुक क्रमांकाची. पहिलीने दोष सापडतो. दुसरीने माणूस सापडतो. आपल्या किनाऱ्यावरचे उदाहरण घ्यावयाचे तर, जेटीवर उभ्या असलेल्या कोणालाही समोरची नौका ट्रॉलर आहे की रापणीची होडी, लाकडी आहे की पोलादी, हे दिसते, आणि ते दिसण्यात कोणाचे नुकसान नाही. इंजिनावर ठोकलेला क्रमांक मात्र खाली उतरल्याशिवाय दिसत नाही, आणि खाली कोणी उतरावे हे तांडेल ठरवितो. नाळेवर रंगविलेला नोंदणी क्रमांक सर्वांस दिसतो, असे कोणी म्हणेल. खरे आहे; पण तो तेथे कायद्याने, कारण सांगून, सर्वांच्या देखत रंगविलेला असतो. इंजिन दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला सोयीचे पडते म्हणून कोणी नाळेवर आकडे रंगवीत नाही.

लिनक्सच्या व्यवहारात हा भेद चार आकड्यांत व्यक्त होतो. फाइलीवर ०४४४ असा परवाना असेल तर त्या यंत्रावर चालणारा कोणताही कार्यक्रम ती वाचू शकतो. ०४०० असेल तर यंत्राचा सर्वाधिकारी, ज्यास 'रूट' म्हणतात, तोच वाचू शकतो. सारा वाद शेवटी या दोन आकड्यांच्या फरकावर येऊन ठेपतो, आणि घाईने केलेल्या तपासणीत नजरेतून निसटतो तोही नेमका हाच फरक.

या बाबतीत लिनक्सची मंडळी अगदी अजाण आहेत असे मुळीच नाही. १९९९ च्या जानेवारीत इंटेलने जाहीर केले की, पेंटियम-३ या नव्या प्रोसेसरमध्ये ९६ बिटांचा अनुक्रमांक असेल आणि तो कार्यक्रमांना वाचता येईल. व्यापाराच्या सुरक्षिततेसाठी आणि कचेऱ्यांतील यंत्रांचा हिशेब ठेवण्यासाठी तो उपयोगी पडेल, असे समर्थन करण्यात आले. खाजगीपणाचा कैवार घेणाऱ्या अमेरिकेतील संस्थांनी बहिष्काराची हाक दिली, ओरड वाढली, आणि २००० साली कंपनीने पुढील प्रोसेसरांतून हा क्रमांक वगळण्याचे ठरविले. लिनक्सने मात्र कंपनीच्या निर्णयाची वाट पाहिली नाही. यंत्र सुरू होताच हा क्रमांक बंद करून टाकणारा भाग गाभ्यातच घालण्यात आला, आणि ज्यास तो हवाच असेल त्याने यंत्र सुरू करताना तशी स्पष्ट आज्ञा द्यावी अशी व्यवस्था ठेवण्यात आली. त्या भागाचे नावच मुळी 'हा मूर्ख अनुक्रमांक चिरडून टाका' अशा अर्थाचे होते. भाषा शिष्टसंमत नसेल, पण न्याय चोख होता. क्रमांक बंद हा नियम आणि उघडा हा अपवाद. अपवाद मागण्याचा हक्क यंत्राच्या मालकाचा.

हा न्याय सर्वत्र सारख्या निष्ठेने पाळला गेला असता तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन उरले नसते. वस्तुस्थिती तशी नाही. याच गाभ्यात संगणकाच्या मुख्य पटलाची माहिती देणारे एक दालन आहे. तेथे यंत्राचे नाव सर्वांस वाचता येते, पण त्याचा अनुक्रमांक ०४०० च्या कुलपात असतो. हे आदर्श म्हणावे असे उदाहरण. त्याच यंत्रातील एनव्हीएमई जातीच्या साठवणीचा अनुक्रमांक मात्र शेजारच्या दालनात ०४४४ ने सर्वांस खुला असतो. भ्रमणध्वनी आणि तत्सम यंत्रांच्या चिपांची माहिती देण्यासाठी जो सामाईक भाग २०१२ साली गाभ्यात आला, त्यात पुढे अनुक्रमांकाची जी फाइल जोडण्यात आली तीही सर्वांस खुली. एकाच वाड्याच्या पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार सताड उघडे, अशातला हा प्रकार झाला. प्रत्येक विभागाचा राखणदार वेगळा, प्रत्येकाची दृष्टी वेगळी, आणि एकाच प्रश्नाला दर वेळी नवे उत्तर!

मग उघडलेले दार मागाहून लोटून घेतले तर काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. वापरणाऱ्याचा चालता कार्यक्रम मोडावयाचा नाही, हा या गाभ्याचा सर्वांत कडक नियम आहे. टोरवाल्ड्स यांनी तो वर्षानुवर्षे, प्रसंगी कठोर शब्द वापरून, पाळून घेतला आहे. नियम उत्तम आहे. त्याच्यामुळेच जुने कार्यक्रम नव्या गाभ्यावर बिनतक्रार चालतात. परंतु त्याची दुसरी बाजू अशी की, एकदा उघडलेली फाइल वाचणारा एखादा कार्यक्रम जगाच्या पाठीवर कोठेतरी तयार होतो, आणि ती फाइल बंद केली की तो मोडतो. दोषशोधनासाठी म्हणून घातलेली सोय अशा रीतीने कायमचा करार होऊन बसते. २०१२ साली ब्रिटनमध्ये निघालेल्या रास्पबेरी पाय या स्वस्त संगणकाचा अनुक्रमांक सर्वांस वाचता येणाऱ्या फाइलीत येत असे. त्याच वर्षी चलत्‌चित्रे उलगडण्याचा एक परवाना नेमका त्या अनुक्रमांकाला बांधून विकला जाऊ लागला. यात कोणाचे कपट नव्हते. क्रमांक हाताशी होता, म्हणून त्याच्यावर इमला उभा राहिला, इतकेच.

ही अडचण ओळखूनच २००४ साली ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी डीबगएफएस नावाचे वेगळे दालन गाभ्यात बांधले. दोषशोधनासाठी अभियंत्यांना हवे ते येथे ठेवावे, कोणताही नियम नाही आणि कोणतेही वचन नाही, अशी त्याची कल्पना. कल्पना चांगली होती. पण नियम नसलेल्या खोलीत अडगळच जमावयाची. २०१२ मध्ये ते दालन मुळातच सर्वाधिकाऱ्यापुरते मर्यादित करावे लागले. २०२० साली आलेल्या अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीने तर विक्रीसाठी बाहेर पडणाऱ्या फोनांत हे दालन लावण्यासच मनाई केली. अभियंत्याच्या टेबलावरची वस्तू ग्राहकाच्या हाती जाता कामा नये, हा धडा मिळण्यास सोळा वर्षे लागली.

भ्रमणध्वनीच्या क्षेत्रात याहून मोठी आवराआवर झाली आहे. २०१५ साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीने वाय-फायचा खरा पत्ता सामान्य ॲपना सांगणे बंद करून सर्वांना एकच खोटा पत्ता देण्यास सुरुवात केली. २०१९ च्या दहाव्या आवृत्तीने आयएमईआय आणि यंत्राचा अनुक्रमांक सामान्य ॲपच्या आवाक्याबाहेर नेला. ॲपल कंपनीने हाच मार्ग त्याआधी धरला होता. या साऱ्याचे कारण एकच. जाहिरातदारांसाठी दिलेला ओळखक्रमांक वापरणाऱ्यास पुसता येतो. यंत्राचा क्रमांक पुसता येत नाही. एका ॲपने तो टिपला, दुसऱ्याने टिपला, आणि दोघांच्या वह्या एकत्र झाल्या की, माणसाने खाती बदलली, नाव बदलले, सारे ॲप काढून पुन्हा घातले, तरी तो तोच राहतो. परंतु ही सारी आवराआवर वरच्या मजल्यावरची आहे. खालच्या मजल्यावर, गाभ्यात, एखादी नवी फाइल ०४४४ ने उघडली गेली तर वरच्या कुलपांचा उपयोग तितकाच कमी होतो. पुढे ती फाइल दुसऱ्या पहाऱ्याने झाकावी लागते, आणि तो पहारा प्रत्येक निर्माता सारख्याच दक्षतेने ठेवील याची हमी कोण देणार?

या मुद्द्यावर दोन आक्षेप घेतले जातात. त्यांचा विचार केल्याविना पुढे जाणे योग्य होणार नाही. पहिला आक्षेप असा की, यंत्र ओळखण्याचे शंभर मार्ग उपलब्ध असताना एकशेएकावा बंद करून काय साधणार? प्रकाराची माहितीसुद्धा पुरेशी एकत्र केली तर एखाद्या यंत्रापर्यंत पोहोचता येते, हे आम्ही नाकारीत नाही. पण घराला फटी आहेत म्हणून दार काढून ठेवावे, हा युक्तिवाद कोणताही शहाणा माणूस आपल्या घरापुरता मान्य करणार नाही. फटींतून अंदाज बांधता येतो. अनुक्रमांकाला अंदाजाची गरजच पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यंत्राची ओळख लोकांच्या हिताचीही असते, असे त्यात म्हटले जाते. हरवलेला फोन आयएमईआयच्या आधारे बंद पाडण्याची केंद्र सरकारची योजना २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्या आरंभीच्या टप्प्यात महाराष्ट्र आणि दादरा-नगर हवेली यांच्याबरोबर आपला गोवाही होता. तिचा उपयोग ज्यांना झाला ते अशा क्रमांकाला दोष देणार नाहीत, आणि आम्हीही देत नाही. परंतु ही योजना चालते कशी, हे पाहावे. मालक आपल्या खोक्यावरचा वा बिलावरचा क्रमांक आपणहून देतो आणि दूरध्वनीचे जाळे तो ओळखते. त्यासाठी फोनवरच्या खेळाच्या वा विजेरीच्या ॲपला तो क्रमांक वाचता येण्याची काडीचीही गरज नाही. क्रमांक असणे ही एक गोष्ट. तो चव्हाट्यावर असणे ही दुसरी.

तेव्हा असे ठिगळ तपासणाऱ्याने काय करावे? आमच्या मते त्याने चार प्रश्न विचारल्याविना हात पुढे करू नये. ही ओळख प्रकाराची आहे की एकट्या यंत्राची? ती वाचणार कोण? ज्याला वाचावयाची आहे त्याच्यापाशी सर्वाधिकार असतोच, तर ती इतरांस खुली का? आणि जी गोष्ट शोधावयाची आहे तिचे उत्तर क्रमांकाऐवजी निर्णयाच्या रूपात देता येणार नाही काय? हा शेवटचा प्रश्न आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. पेंटियमच्या भागाकाराचा दोष लिनक्सने कोणत्याही अनुक्रमांकावरून ओळखला नाही. गाभा स्वतःच एक भागाकार करून पाही आणि दोष आहे की नाही, एवढेच फाइलीत लिही. २०१८ च्या आरंभी मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरांतील दोष जगापुढे आले तेव्हाही हीच रीत पाळली गेली: हे यंत्र दोषाच्या कक्षेत येते काय, आणि आले तर कोणता उपाय लागू आहे, हे सांगणाऱ्या फाइली सर्वांस खुल्या करण्यात आल्या. शोधणाऱ्यास जे हवे ते मिळाले, आणि कोणाचाही ठावठिकाणा उघडा पडला नाही.

यासाठी नवी यंत्रणा उभारावयास नको. गाभ्यात नव्याने उघडणाऱ्या अशा फाइलीची लेखी नोंद करण्याची पद्धत आहेच, आणि त्या नोंदीत फाइल वापरणार कोण यासाठीही एक रकाना आहे. हा रकाना रिकामा राहू द्यावयाचा नाही, एवढा आग्रह राखणदारांनी धरला तरी निम्मे काम होईल. ज्या फाइलीचा वाचक तिच्या कर्त्यालाही सांगता येत नाही, ती सर्वांस खुली करण्याचे कारण काय?

हा विषय परक्यांचा आहे असे मानून आपण स्वस्थ बसू नये. भारतातील बहुसंख्य फोन अँड्रॉइडचे आहेत, आणि बंगळूर, हैदराबाद, पुणे येथील कचेऱ्यांत बसून आपल्याच देशातील तरुण अभियंते अशी ठिगळे लिहितात. फर्मागुडीसारख्या ठिकाणी शिकणारी आपली मुलेही उद्या त्यांत असतील. त्यांना कार्यक्रम लिहिण्यास शिकविले जाते; दुसऱ्याचा लिहिलेला मजकूर संशयाने वाचण्यास, आणि 'हे कशासाठी?' असे विनयाने पण ठामपणे विचारण्यास कितीसे शिकविले जाते? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. २०२३ मध्ये संसदेने व्यक्तींच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु कायदा चोरी झाल्यावर दाद देतो, आणि पसरलेला क्रमांक कोणतेही न्यायालय परत गोळा करून देऊ शकत नाही. थेंबाने गेलेले हौदाने येत नसते.

एका चिपचा एक अनुक्रमांक चार कार्यक्रमांनी वाचला म्हणून आकाश कोसळणार नाही, हे आम्हांसही मान्य आहे. पण म्हातारी मेल्याचे दुःख नसले तरी काळ सोकावतो. आज एका विभागाने सोयीसाठी ०४४४ लिहिले की उद्या दुसरा विभाग त्याचाच दाखला देतो, आणि परवा तो दाखला रूढी म्हणून मिरवू लागतो. हे थांबविण्याची जागा एकच आहे, ती म्हणजे ठिगळ आत जाण्यापूर्वीची तपासणी. तेथे बसलेल्या माणसाने चार आकड्यांपाशी क्षणभर थांबावे, इतकीच आमची अपेक्षा आहे.